‘रिपॉझिटरी’ म्हणजे भांडार की कोठार? आणि ‘मॅनेज रेपो’चे काय?

प्रश्न: बंदिस्त नेटवर्कमधल्या सर्व्हरांसाठी पपेटची (सर्व्हरांची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनाची) मार्गदर्शिका मराठीत लिहितो आहे. ‘पॅकेज रिपॉझिटरी’ला, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजे जिथून उतरवतात त्या साठ्याला, भांडार म्हणावे, कोठार की आगार? एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवणाऱ्या पपेटच्या मॉड्यूलमध्ये ‘मॅनेज रेपो’ असा पर्याय आहे, त्याला ‘कोठार व्यवस्थापन’ म्हटलेले चालेल का?

उत्तर: कोठारच घ्या. आगार म्हटले की एसटी उभी राहते.

‘कोठार व्यवस्थापन’ मात्र कृपा करून नको. तो पर्याय चालू असला तरी मॉड्यूल कोठाराला हातही लावत नाही. ते सर्व्हरवर फक्त एक छोटी फाइल लिहिते : माल कुठून घ्यायचा आणि त्यावरची सही कोणत्या किल्लीने तपासायची. डेबियन लिनक्सवर ही फाइल ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ फोल्डरमध्ये जाते, रेड हॅट लिनक्सवर ‘यम.रेपोज.डी’मध्ये. ही झाली ‘कोठाराची नोंद’. नोंदीत एनजिनएक्सचा बाहेरचा पत्ता पडला आणि बाहेर जायला वाटच नसली, की ‘एपीटी अपडेट’ (डेबियनच्या एपीटी या पॅकेज-साधनाची, यादी ताजी करणारी आज्ञा) तिथेच अडते. म्हणून पर्याय बंद करायचा आणि आतल्या कोठाराची नोंद आपणच लिहायची. ‘व्यवस्थापन बंद करा’ एवढेच वाचणारा दुसरे काम विसरतो. मग डेबियनच्या स्वतःच्या कोठारातले जुने एनजिनएक्स मुकाट्याने बसते, एकही त्रुटी दिसत नाही. ‘नोंद मॉड्यूलने लिहावी का?’ असे लिहिलेत तर नोंद कुणीतरी लिहायलाच हवी, हे त्याच वाक्यात कळते.

आणखी एक मत: कोठार, नोंद दोन्ही मान्य. ‘मिरर’चे, म्हणजे आत ठेवलेल्या कोठाराच्या नकलेचे, ‘आरसा’ मात्र करू नका. आरशात समोरचे त्याच क्षणी दिसते. इथे ‘रेपोसिंक’ या साधनाने बाहेर उतरवून डिस्कवरून आत नेलेला माल त्या दिवसापुरताच ताजा. ‘प्रत’ म्हणा आणि शेजारी तारीख लिहा. डेबियनच्या सुरक्षा कोठारातील रिलीज फाइलीत (कोठारात काय आहे ते सांगणाऱ्या फाइलीत) ‘व्हॅलिड-अन्टिल’ ही तारीख असते. ती तारीख उलटली की एपीटी प्रत घ्यायला नकार देते. त्याला साधे ‘मुदत’ म्हणावे. ‘वैधता-समाप्ती’ वाचून कुणाला घाई वाटणार नाही.

प्रश्नकर्ता: ‘प्रत’ आणि ‘मुदत’ घेतले. नोंदीतल्या ‘साइन्ड-बाय’ला ‘स्वाक्षरीकर्ता’ लिहिले होते.

उत्तर: तिथे माणूस नसतो, किल्लीच्या फाइलचा मार्ग असतो. पूर्वी ‘एपीटी-की’ या आज्ञेने घातलेली किल्ली सगळ्याच कोठारांना चालायची, आता ती एकेका नोंदीला बांधतात. ‘सहीची किल्ली’ लिहा.