जुन्या फ्लॅटचं बाथरूम: फरशीवर फरशी की सगळं फोडायचं?

घरटं:
ठाण्यात ३० वर्षांपूर्वीच्या इमारतीत फ्लॅट आहे. बाथरूम ५ बाय ७ फूट, कमोड आतच. खालच्यांच्या छताला ओल आलीय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जुन्या फरशीवरच नवी चिकटवू, चार दिवसांत मोकळे. घरच्यांना काळ्या मॅट टाइल्स, काळे नळ आणि भिंतीला लटकणारा कमोड हवाय. पाणी अर्धं बोअरचं आहे. जाणकारांनी सांगावं.

सिव्हिल_काका:
खाली ओल असेल तर फरशीवर फरशी विसरा. गळती बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालचं भांडं) सांध्यातून किंवा भिंत-फरशीच्या कोपऱ्यातून असते. नवी फरशी ती झाकते, बंद करत नाही. वर १२-१५ मिमी उंची वाढते, दार घासतं.

आधी ओल कुठली ते बघा. खाली दिवसरात्र ठिबकत असेल तर पाण्याची लाइन. फक्त अंघोळीनंतर वाढत असेल तर ट्रॅप, ड्रेनेज किंवा फरशी.

मग स्लॅबपर्यंत फोडा. जुना विटांचा कोबा (स्लॅब आणि फरशीमधला भराव) पाणी पिऊन बसलेला असतो, तो ठेवू नका. ड्रेनेजचे पाइप बसवून झाले की पाइप स्लॅबमधून जातो ती भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणारा मसाला) भरा, कोपऱ्यांना वाटा मारा, म्हणजे मसाल्याने गोलाई द्या. त्यावर दोन घटकांच्या पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर किमान १ फूट, शॉवरकडे ६ फूट. डब्यावर लिहिलेले दिवस सुकू द्या, मग ट्रॅपचं तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालच्यांकडे जाऊन छत बघून या.

नवा कोबा भरल्यावर त्याच्यावर पुन्हा कोटिंग हवं. नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि पाणी कोब्यात मुरत राहतं. उतार मीटरला १०-१२ मिमी, म्हणजे तुमच्या ७ फुटांत साधारण २५ मिमी.

नळजोड:
काकांना अनुमोदन. जीआय (जस्त लावलेले लोखंडी) पाइप असतील तर तेही काढा, सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारे प्लास्टिकचे) टाका: मुख्य लाइन पाऊण इंच, नळांना अर्धा. यूपीव्हीसी हे साधं प्लास्टिक गरम पाण्याला चालत नाही. गिलाव्याआधी दाब तपासायच्या हातपंपाने पाइपात १० किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब देऊन मीटरचा काटा तासभर हलत नाही ना ते बघा. पितळी आट्यांना टेफ्लॉन टेपच लावा, तेलकट पेस्ट नको. सीपीव्हीसीला तडे जातात.

कन्सील्ड डायव्हर्टरच्या (भिंतीत गाडलेला, गरम-गार पाणी मिसळून शॉवरला किंवा नळाला देणारा) प्लास्टिक टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. टाइलचा पुढचा चेहरा त्या दोन्हींच्या मध्ये यायला हवा. गिलावा १५, अॅडहेसिव्ह ४, टाइल ९ धरा. म्हणजे विटेपासून २८ मिमी. जास्त आत गेला तर लांबी वाढवणारा एक्स्टेन्शन तुकडा शोधत फिरावं लागतं, बाहेर राहिला तर फ्लँज (वरची झाकणपट्टी) टाइलला टेकतच नाही.

लटकता कमोड सोडा. ४ इंची वीट तो वजनासकट पेलत नाही, लोखंडी फ्रेम लागते आणि तुमची मैल्याची लाइन जमिनीतून असेल तर ती भिंतीत न्यावी लागेल. जमिनीवरचाच घ्या. मात्र कमोडच्या ड्रेनेजच्या भोकाचा मध्य टाइल लावलेल्या भिंतीपासून मोजा. विटेपासून ९ इंच ठेवलात तर टाइलनंतर ८ उरतात आणि टाकी भिंतीला अडते.

टाइलवेडी:
बोअरच्या पाण्यात काळं म्हणजे रोज पुसणं. पाणी सुकलं की पांढरे ठिपके, आणि ते काढायला कोणी ॲसिड ओततं, मग टाइलच्या फटींतलं सिमेंटचं ग्राउट आणि नळाची चकाकी दोन्ही जातात. मध्यम राखाडी मॅट घ्या. हौस असेल तर आरशामागच्या भिंतीला काळा पट्टा पुरे.

जमिनीला १ बाय १ फूट अँटीस्किड. मोठी टाइल चहूबाजूंच्या उतारात बसत नाही, तिरके काप द्यावे लागतात. भिंतीला १ बाय २, सात फुटांपर्यंत: २४ x ७ = १६८, दाराचे १७ वजा, १० टक्के तुटफूट मिळवून सुमारे १६६ चौरस फूट, म्हणजे ८३ टाइल्स. जमिनीला ३९. सगळ्या खोक्यांवर एकच बॅच नंबर आहे ना, ते दुकानातच बघा.

व्हिट्रिफाइड (खूप तापवून काचेसारखी घट्ट केलेली) टाइलला नुसतं सिमेंट धरत नाही, कारण ती पाणी जवळजवळ शोषत नाही. अॅडहेसिव्हच वापरा, दोन टाइल्समध्ये फट राखायला २ मिमी स्पेसर ठेवा. खाली पोकळ राहिलेली टाइल नाण्याने ठोकली की कळते. ग्राउट एपॉक्सी (राळेचं) घ्या, त्याचा टाइलवर राहिलेला थर लगेच पुसा, वाळल्यावर निघत नाही.

घरटं:
मनापासून आभार, फोडायचं ठरलं. डायव्हर्टर किती उंचीवर?

नळजोड:
तयार फरशीपासून साधारण ३ फूट ४ इंच, शॉवर ६ फूट ९ इंच. तयार फरशीची पातळी पाणपातळीच्या (पाणी भरलेल्या पारदर्शक) नळीने चारही भिंतींवर आधीच आखा. मिस्त्री स्लॅबपासून मोजायला लागला तर थांबवा. कोबा भरला की सगळी मापं चुकतात.