सिग्नलला गाडी तापते, हायवेला नाही

प्रश्न: पेट्रोल हॅचबॅक. दसरा चौकात ट्रॅफिकमध्ये काटा वर चढतो, पुणे-बेंगळुरू हायवेला लागलं की उतरतो. कूलंट भरलेलं आहे. थर्मोस्टॅट (कूलंटचा रस्ता उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) बदलू का भावांनो?

उत्तर 1: थर्मोस्टॅटला हात लावू नका. तो बंद अडकला असता तर हायवेलाही तापली असती. पळताना वारा रेडिएटर थंड करतो, उभी असताना ते काम फॅनचं. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन फिरायला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग त्याच नंबरचा दुसरा रिले (फॅनला करंट सोडणारा स्विच) घालून बघा. हात लांब ठेवा, फॅन अचानक सुरू होतो.

उत्तर 2: रिले चांगला निघाला तर इंजिन बंद करून फॅनचा प्लग काढा आणि बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट द्या, मध्ये फ्यूज घालूनच. फिरला तर दोष वायरिंग किंवा सेन्सरचा. नाही फिरला तर मोटर गेली, बहुधा कार्बन ब्रश झिजलेत. प्लगचं प्लास्टिक पिवळं पडून पिनेजवळ वितळलंय का, तेही बघा.

उत्तर 3: फॅन ठीक असेल तर रेडिएटरची जाळी बघा. ऊसाच्या ट्रॉल्यांमागून चालवलं की पाचटाची कुसळं अडकतात. इंजिन गार झाल्यावर आतून बाहेर साधं पाणी मारा. प्रेशर वॉशरनं फिन (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात. आणि गरम असताना रेडिएटरची कॅप अजिबात उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर येतं.