बनात: फेल्टही नव्हे, मखमलही नव्हे

साताऱ्यातील जुन्या वकिली घरांत लिहिण्याच्या टेबलावर अंथरलेल्या हिरव्या, जाड, लवदार कापडाला ‘बनात’ म्हणत. अलीकडे त्याला कोणी मखमल म्हणते, तर कोणी फेल्ट. दोन्ही नावे चुकीची आहेत, आणि त्यांतले दुसरे अधिक फसवे आहे. फेल्ट विणलेले नसते. सुटी लोकर ओली करून, दाबून, मळून ती एकजीव केलेली असते, आणि आपल्याकडचा बुरणूस याच जातीचा. बनात मात्र आधी मागावर विणतात, मग ते लोकरी कापड ओले करून इतके मळतात की ते बरेच आटते, धागे एकमेकांत रुततात, आणि शेवटी वर काढलेली लव कातरून सारखी केली की वीण झाकून जाते. शंका असल्यास कापलेली कड सुईने उकलून पाहावी: अखंड धागा सुटला तर बनात, नुसते तंतू निघाले तर फेल्ट. मखमलीची लव विणतानाच उभी राहते, त्यामुळे तिचा येथे संबंध नाही.

माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडची घोंगडीही लोकरीचीच. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ असते आणि घोंगडीला चिंचोक्यांची खळ देऊन मुद्दाम कडक करतात, म्हणजे बनातीच्या अगदी उलट. तलम बनात बहुतांशी विलायतेहून येई. मराठी कागदपत्रांत भेटणारा ‘सकलाद’ हा शब्दही अशाच उंची लोकरी कापडाचा. तो फारसीतून आला.

टेबलावर बनात केवळ शोभेसाठी नसे. तिच्यावर नाणी घरंगळत नाहीत, दौत ठेवताना आवाज होत नाही, लाकडाला चरे पडत नाहीत. बिलियर्डच्या टेबलावर तीच घट्ट ताणून बसवतात. हार्मोनियमच्या पट्ट्यांखाली खडखड होऊ नये म्हणून असेच लोकरी कापड लावतात. मिरजेकडचे वाचक तिथल्या कारागिरांच्या तोंडी त्यासाठी कोणता शब्द आहे हे सांगू शकतील. एक वैगुण्य मात्र खरे: बनातीला कसर लागते, म्हणून घडी करून ठेवताना तिच्यात कापूर किंवा कडुनिंबाचा पाला घालावा लागतो.

‘बनाती’ हे विशेषण जुन्या मराठीत टोपी, कोट, झूल अशा कशालाही लागे. सभागृहांतल्या टेबलांवर हल्ली दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या हिरव्या कापडाला ते लावावे का? रूढीने लागेलही, मी मात्र त्याला नुसते ‘टेबलाचे हिरवे कापड’ म्हणेन.