फक्त पर्यावरणशास्त्राचीच पदवी?

'पर्यावरणात काम करायचं तर पर्यावरणशास्त्राचीच पदवी हवी' असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. मी साधी केमिस्ट्रीची बीएस्सी. पहिली नोकरी अंधेरीतल्या प्रयोगशाळेत, सांडपाणी तपासायची. सोसायटीच्या एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून, आणलेला नमुना ३०० मिलीच्या काचेच्या बाटलीत भरायचा, बूच लावताना एक बुडबुडा राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून. मग २७ अंशांवर ३ दिवस ठेवून किती ऑक्सिजन संपला ते मोजायचं, म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन वापरतात तो). या कामाला लागणारी हाताची सफाई मला टायट्रेशनच्या (थेंब थेंब रसायन घालून प्रमाण मोजायच्या) प्रॅक्टिकल्सनीच दिली.

आणि याच चर्चेत ज्यांनी बीए करणाऱ्या भाचीबद्दल लिहिलंय त्यांच्यासाठी: तिला 'तुझ्यासाठी यात काही नाही' असं कृपा करून सांगू नका. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना ईआयए, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा, अहवाल द्यावा लागतो. त्या टीममध्ये हवा-पाण्याच्या जाणकारांबरोबर सामाजिक-आर्थिक परिणाम तपासणारी माणसंही लागतात. खाडी बुजली तर कोळीवाड्यातल्या घरांचं काय होतं, हे घरोघर जाऊन विचारणारं कुणीतरी हवंच ना? समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्रात एमए करून तिथे पोचता येतं. शिकता शिकता बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा) पक्ष्यांचा किंवा वनस्पतींचा कोर्स केला तर फारच छान.