शब्दचर्चा: अंगावर पित्त उठणे, गांधी, शीतपित्त... नक्की काय लिहू?

शब्दखूळ:
एका दवाखान्यासाठी पेशंटना वाटायच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. विषय अर्टिकेरिया. मी सरळ 'अंगावर पित्त उठणे' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारून शेरा दिला, "पित्त म्हणजे अ‍ॅसिडिटी. शीतपित्त लिहा." आमच्या घरात शीतपित्त हा शब्द कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. आजी म्हणायची, 'पोरीच्या अंगावर गांधी उठल्या'. ते वाक्य एका भाषांतरयंत्रात घालून पाहिलं, तर महात्माजी माझ्या अंगावर उभे राहिले. तुमच्याकडे काय म्हणतात? परवा द्यायचंय.

घाटावरचा:
पित्तच. पित्त 'होतं' तेव्हा छातीत जळजळ, 'खवळतं' तेव्हा घरात भांडण आणि 'उठतं' तेव्हा अंगावर. सगळं काम क्रियापद करतं. तुमच्या बाईंनी नुसतं नाम वाचलं.

वैदर्भी:
आमच्याकडे नागपुरात पित्ती उठते. हिंदीतून आलीय, मान्य. पण निदान घोळ तरी होत नाही.

अमरकोशी:
शीतपित्त हा काही सरकारी कारखान्यातला शब्द नाही. माधवनिदान या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ या तीन विकारांचं मिळून एक प्रकरण आहे. गार वारा लागून कफ आणि वात बिघडतात, पित्ताला बरोबर घेतात आणि मग कातडीवर सूज येते, असं कारण दिलंय. सूज कशी, तर 'वरटीदष्टसंस्थान'. वरटी म्हणजे गांधीलमाशी. ती डसल्यावर दिसते तशी.

तिरफळ:
थांबा थांबा! गांधीलमाशी डसली की गांधी उठतात, म्हणूनच ती गांधील ना? इतकी वर्षं डोक्यात आलं नव्हतं!

अमरकोशी:
किंवा उलट. किंवा दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पुरावा?

तिरफळ:
पुरावा माझा डावा कान. आठवीत असताना पडवीच्या वाशाला पोळं होतं. कान असा फुगला की आठवडाभर डूल घालता आलं नाही.

चामडीचा डॉक्टर:
पुराव्याचं राहू दे, पण वरटीची उपमा मला फार आवडली. अर्टिकेरिया हे नाव विल्यम कलेन या स्कॉटिश वैद्याने १७६९ साली रूढ केलं, लॅटिन उर्टिका या आग करणाऱ्या झुडपावरून. म्हणजे तिकडच्या लोकांना पाला आठवला आणि आपल्याला माशी.

त्वचेत मास्ट नावाच्या पेशी असतात. त्या फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, कातडी फुगते आणि खाज सुटते. ओळखायची साधी युक्ती सांगतो. एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा. ती गांध २४ तासांच्या आत त्या गोलातून नाहीशी व्हायला हवी, मग शेजारी दुसऱ्या दहा उठेनात का. दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल, खाजेपेक्षा दुखत असेल आणि जाताना काळानिळा डाग ठेवत असेल, तर ते हे नव्हे. डॉक्टरला दाखवा.

आणि 'पुरळ' लिहू नका. पुरळ येतं आणि राहतं. गांधी उठतात आणि बसतात. उठणे हे क्रियापद म्हणूनच चपखल आहे.

शब्दखूळ:
'पुरळ' मी खरंच एके ठिकाणी लिहिलंय. बदलते. पण बाईंच्या बाजूनेही एक किस्सा सांगायला हवा. माझ्या मामेबहिणीने औषधाच्या दुकानात फोन करून "पित्त उठलंय, गोळी पाठवा" म्हटलं. आली ती अ‍ॅसिडिटीची गोळी. तिने ती घेतली आणि वर म्हणाली, थोडं बरं वाटलं!

चामडीचा डॉक्टर:
वाटलंही असेल. गोळी फॅमोटिडिनसारखी असेल तर तीही हिस्टामिनलाच अडवते, फक्त जठरातल्या दुसऱ्या जातीच्या ग्राहकावर (रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर हिस्टामिन जिथे चिकटतं त्या जागेवर). त्यातले थोडे रक्तवाहिन्यांवरही असतात, म्हणून काही डॉक्टर खाजेच्या गोळीला ती जोड म्हणून देतात. एकटीचा भरवसा नाही. मुख्य गोळी सेट्रिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन. जुनी अ‍ॅव्हिल काम करते, पण झोप आणते. ती घेऊन स्कूटर चालवू नये.

घाटावरचा:
म्हणजे पोटातलं पित्त आणि अंगावरचं पित्त, दोन्हींमागे हिस्टामिन. आमचे पूर्वज उगाच एकच शब्द वापरत नव्हते!

चामडीचा डॉक्टर:
पूर्वजांना हे ठाऊक नव्हतं हो. योगायोगाला इतकं चढवू नका.

मराठीमित्र:
सगळ्यांना एक विनंती. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द पत्रकात नको. विश्वकोशाने 'अधिहर्षता' हा उत्तम पर्याय दिला आहे. आपणच वापरला नाही तर रुळणार कसा?

वैदर्भी:
अंगभर खाजवत बसलेल्या माणसाला अधिहर्षता? कसला हर्ष झालाय त्याला?

अमरकोशी:
हसू नका. रोमहर्ष आठवा. हृष् धातूत अंगावर काटा उभा राहणं आहे, आनंद हा दुसरा अर्थ. शब्द घडवणारा माणूस अडाणी नव्हता. तरी पेशंटच्या हातात तो देऊ नये हे मलाही पटतं.

तिरफळ:
चांगला घरचा शब्द आहे की! वावडं. 'तुम्हाला कशाचं वावडं आहे का?'

चामडीचा डॉक्टर:
विचारून पाहिलंय. "पेनिसिलिनचं वावडं आहे का?" म्हटलं तर आजोबा म्हणाले, "नाही, वांग्याचं आहे, आवडत नाही." वावड्यात नावड मिसळलेली असते. शिवाय 'बाधणे' वेगळं. मासे बाधले म्हणजे अ‍ॅलर्जी असं नाही.

तिरफळ:
हे काय नवीन? आमच्याकडे 'माका सुंगटा बाधतत' म्हणतात तेव्हा अंगावर उठतंच.

चामडीचा डॉक्टर:
कोळंबीची खरी अ‍ॅलर्जी असते, दर वेळी होते, ताजी असो की शिळी. बांगड्याचं बघा. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर. मासा बर्फाविना राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ते शिजवून जात नाही, तळूनही नाही. मग पंगतीतल्या चौघांची तोंडं एकदम लाल होतात. ती अ‍ॅलर्जी नव्हे, हिस्टामिन बाहेरूनच पोटात गेलं. अशा माणसाने जन्मभर बांगडा सोडायचं कारण नाही. त्याने मासेवाली बदलावी.

तिरफळ:
आमचे अण्णा वीस वर्षं बांगडा खात नव्हते!!! हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर...

घाटावरचा:
उपायांचे शब्दही जमवूया का? आमच्याकडे पित्त उठलं की उघड्या अंगाला घोंगडी घासायचे. आमसुलाचं पाणी लावायचे. कुणी काव लावायचे.

चामडीचा डॉक्टर:
आमसुलाचं पाणी गार असतं, गाराने खाज दबते. लावा. (गार वाऱ्यानेच ज्याच्या उठतात त्याने मात्र नको. तसेही लोक असतात, तिथे शीतपित्त हे नाव शब्दशः खरं.) काव म्हणजे लोहाचा ऑक्साइड, आणि कॅलामाइन लोशन गुलाबी दिसतं ते त्याच्याचमुळे. घोंगडी मात्र कृपा करून नको. घासल्याने आणि उबेने आणखी उठतात.

शब्दखूळ:
घासण्याने उठतात हे मी रोज बघते. माझ्या हातावर कंगव्याच्या दांड्याने 'अ' काढला की पाच मिनिटांत तो उठून वर येतो, कडेने लालसर, बोटाला लागतो. अर्ध्या तासात पुसला जातो. शाळेत मैत्रिणी मधल्या सुट्टीत माझ्या हातावर निरोप लिहायच्या. याला मराठीत काय म्हणायचं?

अमरकोशी:
त्वग्लेख.

वैदर्भी:
पाटी.

चामडीचा डॉक्टर:
डर्मोग्राफिझम. त्रास नसेल तर औषधही नको. पाटीला माझं मत!
आणि पत्रकात एक गोष्ट ठळक छापा, शब्द कोणताही निवडा. गांधींबरोबर ओठ, पापण्या, जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आमसूलही नाही आणि अ‍ॅव्हिलही नाही. तडक हॉस्पिटल. तिथे पहिलं इंजेक्शन अ‍ॅड्रेनालिनचं, मांडीत. सहा आठवड्यांच्या वर रोज उठत राहिलं तर तो जुनाट प्रकार. त्यात बहुतेकदा बाहेरचं कारण सापडतच नाही, तेव्हा वांगं, दही, टोमॅटो एकेक सोडत उपाशी राहू नका. गोळीचा डोस डॉक्टर वाढवू शकतात, अगदी चौपटीपर्यंत. आपल्या मनाने वाढवू नये.

मराठीमित्र:
माझा मुद्दा सगळ्यांनी सोयीस्कर बाजूला टाकला. 'डोस'ला मात्रा हा शब्द आहे. 'इंजेक्शन'ला सुई.

घाटावरचा:
'सोयीस्कर'ला काय शब्द आहे? त्यातला 'कर' फारसी म्हणे.

अमरकोशी:
कोण म्हणे?

शब्दखूळ:
पत्रक दिलं. 'अंगावर पित्त उठणे (गांधी)' लिहिलं होतं. बाईंनी गांधी खोडून 'शीतपित्त' घातलं, वर मोठ्या अक्षरात 'अर्टिकेरिया'. ओठ सुजण्याची चौकट मात्र ठेवली.

वैदर्भी:
ते जाऊ द्या, यावरून आठवलं. बिब्बा 'उतणे' म्हणतात ते हेच का? आजीच्या टाचेला बिब्बा लावला होता, तो उतून पाय गुडघ्यापर्यंत फोडांनी भरला.

चामडीचा डॉक्टर:
हे नव्हे. ते एक-दोन दिवसांनी येतं, पाण्याचे फोड धरतं आणि आठवडे राहतं. खाजेच्या गोळीने फारसं भागत नाही, स्टेरॉइडचं मलम लागतं. बिब्बा आंब्या-काजूच्या कुळातला, तिघांच्या चिकातला दोष सारखाच.

वैदर्भी:
मग हा उतणे म्हणजे दूध उतू जातं त्यातलाच का? की निराळा?

तिरफळ:
निराळा. पुरावा नंतर देते, आत्ता काजू भाजतेय.