मुलीने रक्षक देवदूताची प्रार्थना करावी की नाही?

प्रश्न (भुसावळ)

माझे माहेर नवापूरकडचे, प्रोटेस्टंट मंडळीतले. लग्नानंतर मी कॅथलिक झाले. मुलगी यंदा पहिल्या कम्युनियनच्या (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या विधीच्या) तयारीला बसली असून रात्री निजण्यापूर्वी ती रक्षक देवदूताची प्रार्थना म्हणते. तिच्या खाटेच्या वर सासूबाईंच्या काळातली तसबीर आहे: फळी निखळलेला लाकडी पूल, खाली फेसाळता ओढा, हात धरून चाललेली दोन भावंडे आणि त्यांच्या पाठीशी पंख पसरलेला देवदूत. मागच्या महिन्यात आलेले माझे मामा ती पाहून म्हणाले, की हाक मारायची ती देवालाच, देवदूताला मारली की ती मूर्तिपूजा झाली. त्यातच मोबाइलवरचे काही व्हिडिओ पाहून मुलीने आपल्या देवदूताला एक नाव ठेवले आहे, आणि घड्याळात ११:११ दिसले की त्याचा निरोप आला असे ती समजते. मामांना काय सांगावे, आणि मुलीला काय?

उत्तर १ (धुळे, धर्मशिक्षक)

ताई, मामांच्या म्हणण्याला बायबलमध्येच आधार आहे. प्रकटीकरण या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात योहान देवदूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा देवदूतच त्याला अडवतो आणि देवाची उपासना करायला सांगतो. प्रेषित पौलानेही कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात त्यांना देवदूतांच्या पूजेपासून सावध केले आहे. ख्रिस्तसभेला (कॅथलिक चर्चला) ही वचने मान्यच आहेत, आणि ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या धर्मसभेने देवदूतांच्या व संतांच्या प्रतिमांना द्यायचा मान आणि केवळ देवाचीच करायची उपासना यांत स्पष्ट भेद केला. मुलगी म्हणते त्या प्रार्थनेचे शब्द मामांना एकदा ऐकवा: देवाच्या प्रीतीने मला ज्याच्या हाती सोपवले, त्या देवदूता, मला सांभाळ. सोपवणारा देव आहे हे त्या चार ओळींतच मान्य केलेले आहे. लहानांचे देवदूत स्वर्गात पित्याचे मुख नित्य पाहतात, हे तर मत्तयाच्या १८व्या अध्यायात येशूनेच सांगितले आहे.

नाव ठेवणे मात्र थांबवावे. हा वाद मोबाइलच्या फार आधीचा आहे. ७४५ साली परमगुरुस्वामी (पोप) जखऱ्या यांच्या अध्यक्षतेखाली रोममध्ये भरलेल्या सभेपुढे आल्डेबर्ट नावाच्या उपदेशकाची एक प्रार्थना वाचली गेली. तीत देवदूतांची अनेक अपरिचित नावे घेतलेली होती, आणि सभेने ती फेटाळली. शास्त्रात आलेली नावे तीनच: मिखाएल, गाब्रिएल आणि राफाएल. २००१ साली व्हॅटिकनने लोकभक्तीविषयी काढलेल्या मार्गदर्शिकेतही याखेरीज इतर नावे देण्यास उत्तेजन देऊ नये, असे म्हटले आहे. घड्याळातले आकडे म्हणजे तर सरळ शकुन पाहणे झाले.

उत्तर २ (नंदुरबार)

मी मामांच्याच बाजूचा, पण एक खुलासा करतो. देवदूत आम्हीही मानतो; तारणाचे वतन मिळणाऱ्यांच्या सेवेसाठी पाठवलेले आत्मे, असे इब्री लोकांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात त्यांच्याविषयी म्हटले आहे. आमची हरकत आहे ती त्यांच्याकडे मागण्याला, कारण मध्यस्थ एकच, ख्रिस्त. राफाएलाचे नाव ज्या तोबितच्या पुस्तकात येते, ते आमच्या बायबलमध्ये नाही, त्यामुळे धर्मशिक्षकांची तीन नावे आमच्याकडे दोनच उरतात. ताईंनी तसबिरीवरून मामांशी वाद घालू नये. मुलीबरोबर ९१वे स्तोत्र म्हणावे, त्याला दोन्ही घरांची ना नसेल.

उत्तर ३ (जळगाव)

सगळी चर्चा खाटेपाशीच अडकली आहे, म्हणून लिहितो. कॅथलिक भक्तीत देवदूतांची खरी जागा मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत आहे. तीतल्या ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताची सुरुवात बेथलेहेमच्या देवदूतांच्या गाण्याने होते, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ ही यशया संदेष्ट्याने ऐकलेली सराफीम नावाच्या देवदूतांची स्तुती, आणि ती म्हणण्याआधी धर्मगुरू देवदूतांच्या सुरात सूर मिळवण्याचे आवाहन करतात. रोझरीतल्या (जपमाळेतल्या) ‘नमो मारिया’चा आरंभही गाब्रिएलच्याच शब्दांनी होतो. म्हणजे ज्याला आपण पहारेकरी समजतो तो आधी उपासक आहे, आणि दर रविवारी आपण त्याच्या ओळीत उभे असतो. मुलीला हे एकदा मिस्सामध्येच कानाशी सांगा, अकरा वाजून अकरा मिनिटांची गोडी आपोआप कमी होईल. तसबीर राहू द्या. मला स्वतःला ती जरा गुळमट वाटते, कारण बायबलमधल्या देवदूताला पाहून माणसे आधी घाबरतात आणि त्याला बहुधा ‘भिऊ नका’ इथूनच बोलायला सुरुवात करावी लागते. पण लहान मुलाला पूल दिसला पाहिजे, हेही खरे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. एक राहिले: शेजारच्या घरातले तान्हे बाळ गेले तेव्हा सगळे म्हणाले, की ते देवदूत झाले. मुलीने विचारले, तेव्हा मी गप्प राहिले.

उत्तर १ (धुळे, धर्मशिक्षक)

तसे होत नाही, ताई, पण त्या घरी आत्ता ते दुरुस्त करायला जाऊ नका. देवदूत आरंभापासून निव्वळ आत्मे म्हणून निर्माण झालेले आहेत, तर माणसाला शरीरासह पुन्हा उठायचे आहे. अंत्यविधीत आपण मृताला देवदूतांनी स्वर्गात न्यावे असे मागतो, त्याने देवदूत व्हावे असे मागत नाही. मुलीला एवढेच सांगा, की ते बाळ देवाजवळ आहे, देवदूतांच्या सोबत, आणि त्याचे नाव अजूनही तेच आहे.