मदत हवी आहे: एम.एड., एड.डी., पीएच.डी. सगळीकडे एकच एसओपी चालेल का?

खडूफळा

शिक्षणशास्त्रात पुढे शिकण्यासाठी परदेशी विद्यापीठांत अर्ज करायचे आहेत. शिक्षण: तीन वर्षांची बी.एससी., त्यावर बी.एड. अनुभव: शाळेत गणित शिकवणे. प्रकाशित संशोधन शून्य. यादीत आत्ता एम.एड., एम.ए., एक एड.डी. आणि दोन पीएच.डी. अशी भेळ आहे. एक एसओपी (अर्जासोबतचं हेतुपत्र) तयार आहे. विद्यापीठाचं नाव बदलून तीच सगळीकडे पाठवावी का? जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा) द्यावीच लागते का? तीन वर्षांची पदवी आडवी येते का? जाणकारांनी कृपया सांगावे. आगाऊ धन्यवाद.

टिपणवही

एसओपी बाजूला ठेवा, आधी यादी निस्तरा. या पदव्या एकाच शिडीच्या पायऱ्या नाहीत.

एम.एड. बहुतेक ठिकाणी काम करणाऱ्या शिक्षकांसाठी असते: अभ्यासक्रम, मूल्यमापन, विशेष शिक्षण, शाळा प्रशासन. एम.ए. तुलनेने सिद्धांत आणि संशोधनाकडे झुकलेली, पण ही नावं विद्यापीठागणिक बदलतात. म्हणून नावावर जाऊ नका, विषयांची यादी उघडा. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचे किती कोर्स आहेत, शेवटी प्रबंध आहे की इंटर्नशिप, एवढं पाहिलं की कळतं. एड.डी. ही नोकरीत राहून आपल्याच कामातला प्रश्न सोडवणाऱ्यांची डॉक्टरेट पदवी. ती बहुधा अर्धवेळ आणि स्वखर्चाने असते, अनेक ठिकाणी आधी मास्टर्स मागतात. अर्धवेळ प्रोग्रामवर विद्यार्थी व्हिसा मिळेल का, हेही आधीच विचारा. पीएच.डी. संशोधक घडवण्यासाठी. अमेरिकेत पूर्णवेळ पीएच.डी.ला फी माफी आणि विद्यावेतन मिळण्याची शक्यता बरीच, मास्टर्सला फार कमी. तिथे मास्टर्सशिवाय थेट पीएच.डी.ला घेणारे विभागही आहेत.

आणखी एक खाच. तिथल्या शाळेत शिकवायचं असेल तर त्या पदवीतून शिक्षक परवाना मिळतो का हे प्रोग्रामच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. मिळत नसेल तर उत्तम एम.एड. करूनही वर्गात उभं राहता येणार नाही. 'शिक्षणशास्त्रात मास्टर्स' म्हणजे परवाना आलाच, हा गैरसमज फार महागात पडतो.

रेघोटी

वरच्या प्रतिसादाला +१. एसओपीबद्दल: नाही, एकच चालणार नाही. विद्यापीठाचं नाव बदलायला विसरणं हा त्यातला किरकोळ धोका. खरी अडचण म्हणजे वाचणारा प्रत्येक ठिकाणी वेगळं शोधत असतो. एम.एड.ची समिती विचारते, हा कोर्स तुमच्या कामात नेमका कुठे लागणार? एड.डी.वाले विचारतात, तुमच्या संस्थेतला कोणता प्रश्न, आणि तो बदलायचा अधिकार तुमच्याकडे आहे का? पीएच.डी.वाले पाहतात की तुमच्याकडे संशोधनाचा प्रश्न आहे का आणि त्यावर मार्गदर्शन करू शकेल असं आमच्याकडे कोणी आहे का. शेवटचं उत्तर 'नाही' असेल तर उत्तम गुण असूनही नकार येतो.

शिक्षणशास्त्राच्या एसओपीत हमखास सापडणारं वाक्य: 'मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे आणि शिक्षणानेच समाज बदलेल.' ते काढा. अर्जदारांच्या गठ्ठ्यात प्रत्येकाला आवड असतेच. त्याजागी प्रश्न ठेवा. तुमचा विषय गणित आहे म्हणून उदाहरण देते. 'मीनाकडे ८ गोट्या आहेत. त्या राजूपेक्षा ३ने कमी आहेत. राजूकडे किती?' बरीच मुलं 'कमी' शब्द पाहून वजाबाकी करतात आणि ५ लिहितात, उत्तर ११. वाचन येतं, आकडेमोड येते, तरी उदाहरण चुकतं. आता यावर तीन प्रश्न उभे राहतात: अडचण भाषेची की गणिती रचनेची? 'कमी म्हणजे वजा' असे सूचक शब्द पाठ करून घेण्याची पद्धत ती वाढवते का? आकृती काढायला लावलं तर फरक पडतो का? अशा एका परिच्छेदाने जे काम होतं ते 'आवड' हा शब्द दहा वेळा लिहून होत नाही.

पुढे साधारण असं: या प्रश्नावर आधी काय काम झालंय (दोन-तीन लेख पुरेत, एरिक या मोफत शोधकोशात सापडतील), तुम्ही वर्गात काय करून पाहिलं आणि त्यातून काय कळलं नाही, कोणती पद्धत शिकायची आहे, त्या विभागातली कोणती दोन-तीन माणसं याच्या जवळचं काम करतात आणि का. प्राध्यापकांची नुसती नावं ओवू नका. निवृत्त झालेल्या किंवा दुसरीकडे गेलेल्या प्राध्यापकाचं नाव एसओपीत असलं की पान नीट पाहिलेलं नाही हे लगेच कळतं. मर्यादा बहुधा ५०० ते १००० शब्द. दिलेली मर्यादा ओलांडू नका, काही पोर्टल्स पुढचा मजकूर सरळ कापतात. 'पर्सनल स्टेटमेंट' वेगळं मागितलं असेल तर तिथे जडणघडण लिहा, एसओपीची नक्कल नको.

गुणपत्रक

कागदपत्रांचं थोडक्यात.

जीआरई: बऱ्याच शिक्षण विभागांनी ऐच्छिक केली आहे, काहींनी काढूनच टाकली. प्रत्येक प्रोग्रामचं पान स्वतंत्र पाहा, कारण एकाच विद्यापीठात पीएच.डी.ला हवी आणि एम.एड.ला नको असं असतं. गुण ५ वर्षं चालतात. सप्टेंबर २०२३पासून परीक्षा जेमतेम दोन तासांची झाली आहे आणि निबंध एकच, त्यामुळे जुनी पुस्तकं जपून वापरा.

आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा): अकॅडेमिकच द्या, जनरल नको. एकूण बँडइतकंच (बँड म्हणजे तिथले गुण) प्रत्येक विभागाचा किमान बँड पाहा. एकूण ७.५ पण लेखनात ६ म्हणून अर्ज अडकतो. एकाच विभागाची फेरपरीक्षा देता येते, मात्र ती सगळी विद्यापीठं मानत नाहीत. आयईएलटीएस आणि टोफेल (इंग्रजीची दुसरी परीक्षा) दोन्हींचे गुण २ वर्षंच ग्राह्य.

तीन वर्षांची पदवी: काही ठिकाणी चार वर्षांची मागतात, काही तीन अधिक बी.एड. मान्य करतात. दोन्हींच्या ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रकं) द्या आणि प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन विद्यापीठाने मागितलं तरच करा. पुष्कळ ठिकाणी ते स्वतःच तपासतात आणि तुमचे पैसे फुकट जातात. मागितलंच तर 'कोर्स-बाय-कोर्स' अहवाल लागतो की साधा, ते विचारा. टक्क्यांचं स्वतः जीपीएत रूपांतर करू नका. सांगितलं नसेल तर मूळ गुणपद्धतच भरा.

खडूफळा

बापरे, बरंच काही कळलं. यादीतली एड.डी. काढली. आता एलओआर (शिफारसपत्र): मुख्याध्यापकांचं पत्र चालेल का? आणि प्राध्यापकांना आधी ईमेल करावी का?

टिपणवही

एम.एड.ला मुख्याध्यापकांचं पत्र उत्तम. पीएच.डी.ला तीनपैकी किमान दोन पत्रं अशांची हवीत ज्यांनी तुमचं लेखन किंवा अभ्यास तपासलाय, बी.एड.चे प्राध्यापक चालतील. हुद्द्यापेक्षा तपशील मोठा. 'मेहनती आणि प्रामाणिक आहेत' असं कुलगुरूंनी लिहिलं तरी उपयोग नाही. निदान सहा आठवडे आधी विचारा आणि सोबत एसओपीचा मसुदा, सीव्ही, ट्रान्सक्रिप्ट, अंतिम तारखांची यादी आणि त्यांनी पाहिलेल्या तुमच्या कामाचे चार-पाच मुद्दे द्या. अमेरिकी अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडता का असं विचारतात. सोडा, नाहीतर पत्राचं वजन घटतं. 'तुम्हीच लिहून द्या, मी सही करतो' म्हणाले तर मुद्दे द्या, पत्र नको. तिन्ही पत्रांत एकच भाषा लगेच ओळखू येते.

ईमेल फक्त पीएच.डी.साठी, आणि पानावर 'संपर्क करू नये' असं नसेल तरच. १५०-२०० शब्द: तुमचा प्रश्न, त्यांच्या एका लेखाशी त्याचा संबंध, आणि पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का. 'माझी निवड होईल का' विचारू नका, ते समिती ठरवते.

रेघोटी

पोर्टलबद्दल राहिलं. शिफारसकर्त्यांना लिंक जाते ती काही पोर्टल्सवर त्यांची माहिती भरलेलं पान तुम्ही जतन करताच, काहींवर अर्ज सादर केल्यावरच. दुसऱ्या प्रकारात शेवटच्या रात्री अर्ज टाकला तर पत्रं उशिराच येणार. लिंक स्पॅममध्ये जाते, त्यांना फोन करून सांगा. त्यांचा संस्थेचा ईमेल द्या. पासपोर्टवरचं नाव, परीक्षेचं नाव आणि अर्जातलं नाव एकच ठेवा, नाहीतर गुण अर्जाला जोडले जात नाहीत. अंतिम वेळ विद्यापीठाच्या घड्याळाची असते. शुल्कमाफी हवी असेल तर अर्ज सादर करण्याआधी मागा, नंतर सहसा मिळत नाही.

अमेरिकेतल्या पीएच.डी.च्या अंतिम तारखा बहुधा डिसेंबरात, मास्टर्सच्या अनेकदा जानेवारीत किंवा नंतर. आर्थिक मदतीसह प्रवेश आला तर घाईने होकार देऊ नका: तिथल्या ग्रॅज्युएट स्कूल परिषदेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं १५ एप्रिलपूर्वी उत्तराची सक्ती करत नाहीत. विनामदत मास्टर्सला हा ठराव लागू नाही, तिथे पत्रातली तारीख पाळा.